शेततळ्यावर तरंगतं हरितगृह उभारताय? या चुका टाळा

जाधववाडीच्या बाजारात पहाटे ताजा पालक पोचवायचा तर शेत छत्रपती संभाजीनगरच्या जवळ हवं, आणि जवळची जमीन तर प्लॉटिंगमध्ये गेली. म्हणून शेततळ्यातच ड्रमच्या तराफ्यावर छोटं हरितगृह उभारून त्यात मातीऐवजी टाकीतल्या खताच्या द्रावणावर भाजी पिकवायची कल्पना मला मनापासून पटते. पाण्यावर सावली पडते, बाष्पीभवनही कमी होतं. दल सरोवरात तरंगत्या वाफ्यांवर पिढ्यानपिढ्या भाजी पिकते, न्यूयॉर्कमध्ये २००७ साली बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेवर, हरितगृह उभं राहिलं. पण तिथं उन्हाळ्यात तळ उघडा पडत नाही. आपल्याकडे पडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथंच होते: भरलेलं तळं बघून तराफ्याचं माप काढलं जातं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं घ्या, बाजूंना दीडास एक उतार, म्हणजे दीड मीटर आत गेलं की एक मीटर खोल. पाणी २ मीटर उतरलं की २४ बाय २४ मीटरच उरतं, तळाशी २१ बाय २१. आमचा तराफा काठालगत होता. एप्रिलमध्ये त्याची एक बाजू उतारावर टेकली, रोपांचे कप एका कडेला घसरले आणि चौकटीच्या कोपऱ्यानं तळ्याच्या अस्तराचा प्लॅस्टिकचा कागद बोटभर फाटला. ते भोक सापडेपर्यंत हातभर पाणी गेलं. तराफा तळाच्या मापाचा करा आणि मधोमध ठेवा. चारही दोऱ्या बांधाबाहेरच्या खुंट्यांना बांधा. पाणी उतरेल तशी दोरी ताणते, म्हणून दर आठवड्याला ढील द्या.

२०० लिटरचा बंद ड्रम पूर्ण बुडाला तर साधारण १९० किलो पेलतो. हिशेबात निम्मेच धरा. रोपांच्या कपातलं भिजलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जड असतं, शिवाय काढणीला माणसं एकाच कडेला उभी राहतात. छप्पर बुटकं ठेवा आणि बाजू गुंडाळता येतील अशा करा, नाहीतर मे महिन्यातली वावटळ ते शिडासारखं ओढते.

कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्याच? खत वाढवू नका, आधी द्रावणाचा सामू (पीएच) मोजा. आपल्या बोअरच्या पाण्याचा तो बहुधा ७.५ च्या वर असतो. मग लोह असूनही मुळीला मिळत नाही. फॉस्फरिक आम्लानं तो ५.५ ते ६.५ वर आणा. आम्ल पाण्यात घाला, आम्लात पाणी कधीच नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेटची घट्ट द्रावणं वेगवेगळ्या बादल्यांत करा. एकत्र केली तर जिप्समचा पांढरा साका बसतो.

मुळ्या तपकिरी होऊन वास येत असेल तर पाणी तापलंय, त्यातला प्राणवायू कमी पडतोय. टाकी पांढरी रंगवा, एअर पंप रात्रीही चालू ठेवा. खताचं द्रावण तळ्यात सोडू नका. शेवाळ माजतं आणि पहाटे मासे मरून वर येतात.

आणि हे पहिल्या दिवशीच करा: ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडा, तराफ्यावर हवा भरलेली ट्यूब ठेवा, एकट्यानं कुणाला जाऊ देऊ नका.