मीटर ३० टक्क्यांवर, तरी आवाज तडतडतो: प्रोसेसर कुठून तपासायचा

संगणकावर गाणं रेकॉर्ड करताना टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ३० टक्के दाखवतोय आणि हेडफोनमध्ये मात्र तडतड. यात विसंगती काही नाही. तो आकडा सरासरी आहे, आणि ऑडिओला सरासरीशी देणंघेणं नसतं. त्याला प्रत्येक बफरची, म्हणजे एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या आवाजाच्या छोट्या तुकड्याची, वेळ गाठायची असते. ४८,००० सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची तेवढी मोजमापं) आणि १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या प्लगइनचं (रिव्हर्बसारख्या जोड-प्रोग्रॅमचं) काम आटोपलं नाही की तिथे भोक पडतं, त्याची ‘टिक’ ऐकू येते.

विंडोज आणि आसिओ ड्रायव्हर (ऑडिओ यंत्राशी थेट, कमी उशिरात बोलणारा) धरून सांगतो. बायोसला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगला) हात लावण्याआधी बफर ५१२ करून बघा (१०.६७ मिलिसेकंद). तडतड गेली तर गोष्ट वेळेची आहे, पुढे वाचा. १०२४ वरही ठरावीक अंतराने टिक येतच राहिली, तर प्रोसेसरला दोष देऊ नका. सॅम्पल रेट जुळत नसेल, डिजिटल जोडणीत दोन यंत्रांची घड्याळं वेगळी धावत असतील किंवा केबल गेली असेल.

वेळेचाच प्रश्न असेल तर तडतड नेमकी कधी होते ते ऐका. नुसता तानपुरा चालू आहे, बाकी सगळं शांत, आणि तरी टिक येते? मग काम कमी म्हणून प्रोसेसर झोपतोय आणि जागा व्हायला वेळ लावतोय. भरगच्च कोरसमध्येच फाटत असेल तर एखाद्या कोरवर (प्रोसेसरमधल्या एका गणनाकेंद्रावर) बोजा जास्त आहे. १५-२० मिनिटं नीट चालून मग सुरू होत असेल, तर उष्णता.

झोपेचा इलाज: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग, तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये मिनिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्के. त्याच खिडकीत यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे पर्याय दिसतच नाहीत. तिथे सेटिंग्जमधला पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ ठेवा आणि चार्जर लावूनच काम करा. १०० टक्के केल्याने प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग टिकतो, पण सी-स्टेट, म्हणजे रिकाम्या कोरची झोप, बंद होत नाही. ती बायोसमध्ये. सरसकट बंद करण्यापेक्षा मर्यादा सी-१ वर, म्हणजे सर्वात हलक्या झोपेवर, आणणं बरं. पण इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरवर बाकीचे कोर गाढ झोपले तरच एका कोरला पूर्ण टर्बो (तात्पुरता वाढीव वेग) मिळतो. गाढ झोप उडवलीत, अगदी सी-१ पर्यंतच ठेवलीत, तरी वेगही थोडा गमावाल. आणि हे डेस्कटॉपवरच, लॅपटॉप तापेल.

तापणाऱ्या लॅपटॉपला उलटी मात्रा लागू पडते. मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ करा. त्याने बहुतेक इंटेल यंत्रांवर टर्बो थांबतो, वेग कमी पण स्थिर राहतो. ऑडिओला स्थिर वेग केव्हाही चालतो.

आता ड्रायव्हर. लेटन्सीमॉन (ड्रायव्हर किती वेळ अडवतात ते मोजणारा प्रोग्रॅम) सुरू करा, प्रोजेक्ट वाजवत ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. दोन मिनिटांच्या निकालावर विसंबू नका. सर्वात मोठा डीपीसी आकडा (ड्रायव्हरने एका खेपेला प्रोसेसर अडवून ठेवलेला वेळ) १,००० मायक्रोसेकंदांपुढे गेला, तर २.६७ मिलिसेकंदांतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ एकट्या ड्रायव्हरने खाल्ला. फाइलचं नाव ‘एनडीआयएस’ असेल तर नेटवर्क, बहुधा वायफाय: डिव्हाइस मॅनेजरमधून तो डिसेबल करून पुन्हा मोजा. ‘एनव्ही’ने सुरू होत असेल तर एनव्हीडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर.

एका कोरवरच्या बोजाला सेटिंगचा उपाय थोडा. एका ट्रॅकवर ओळीने लावलेले सहा प्लगइन एकामागून एकच चालतात, आठ कोर असले तरी. रेकॉर्डसाठी आर्म केलेल्या ट्रॅकचं काम आगाऊ करून ठेवताही येत नाही, म्हणून गायकाच्या ट्रॅकवर जड काही ठेवू नका. रिव्हर्ब सेंडवर (सगळ्यांसाठी एकाच समाईक ट्रॅकवर) न्या, बाकीचे ट्रॅक फ्रीझ करा (प्लगइनसकट तात्पुरते ऑडिओत बदला), मास्टरवरचा लिनियर फेज इक्वलायझर (तो आवाज उशिरा देतो) रेकॉर्डिंग होईपर्यंत काढा. रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४. मिक्स करताना कमी बफरचा हट्ट कशासाठी धरतात कळत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये प्रायॉरिटी ‘रिअलटाइम’ करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. करू नका. माउस आणि डिस्कचं कामही मागे पडून यंत्र गोठू शकतं. आसिओ ड्रायव्हर चांगला असेल तर ऑडिओच्या थ्रेडना (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यांना) वरची प्रायॉरिटी मिळालेलीच असते. प्रोसेसरचा वेळ ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’ना आधी देण्याचा विंडोजमधला जुना पर्यायही आजच्या यंत्रांवर क्वचितच फरक पाडतो.

एका वेळी एकच बदल करा, तोच प्रोजेक्ट त्याच बफरवर वाजवा, आकडा लिहून ठेवा. बायोस अपडेट झालं की सी-स्टेटचं सेटिंग बहुधा मूळपदावर जातं. काही महिन्यांनी टिक परतली तर आधी तिथे बघा.