ऑफच्या दिवशी मुंबईत निवांत बसायचं कसं

परळच्या एका हॉस्पिटलात मी बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे. आमचा ऑफ रविवारीच येतो असं नाही. ड्युटी लिस्ट लागली की कळतं, या आठवड्यात गुरुवार की सोमवार. त्यामुळे आडवारची मुंबई मला चांगली ठाऊक झाली आहे. वॉर्डातल्या नव्या मुली विचारतात, "सिस्टर, ऑफला तुम्ही करता काय?" त्यांना जे सांगते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे घरी थांबू नका. लालबागला आमच्या दोन खोल्या आहेत. दुपारी आडवं झालं तरी नजर पंख्याच्या पात्यावरच्या धुळीवर जाते आणि पाच मिनिटांत मी स्टुलावर उभी असते. सासूबाई प्रेमळ आहेत, पण त्यांच्या लेखी सुट्टी म्हणजे राहिलेल्या कामांचा दिवस. "आज सुट्टी आहे ना गो तुझी? मग डाळीतांदळाचे डबे उन्हात घालूया." अशी कित्येक वर्षं गेली. रात्री पाठ धरलेली असायची आणि सकाळी सातला पुन्हा मॉर्निंग ड्युटी. पेशंटला आम्ही विश्रांती घ्यायला सांगतो, ती स्वतः घ्यायची असते हे मला चाळिशीनंतर उमगलं.

याला एकच अपवाद. ओळीने नाइट करून ऑफ मिळाला असेल तर आधी झोपा. खिडकीला जाड चादर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दुपार होईपर्यंत उठू नका. त्या दिवशी संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन आलात तरी पुष्कळ झालं.

बाकीच्या ऑफना तयारी आदल्या रात्रीच करून ठेवायची. घरच्यांच्या जेवणाची सोय लावायची आणि उद्या मी दुपारभर नाही हे स्पष्ट सांगायचं. कुठे जातेय हे सांगायलाच हवं असं नाही. पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, खाली अंथरायला जुनी ओढणी आणि एखादा दिवाळी अंक. दिवाळी अंक वर्षभर पुरतो आणि कुठूनही उघडून वाचता येतो.

निघायची वेळ सगळ्यात महत्त्वाची. सकाळी साडेदहापर्यंत गाड्या दक्षिणेकडे भरभरून जातात आणि संध्याकाळी साडेचारनंतर तीच गर्दी उलटी फिरते. मधल्या सहा तासांत लोकल वेगळीच असते. स्लो गाडीत लेडीज डब्यात पाय पसरून बसता येतं, क्लिपा-टिकल्या विकणाऱ्या बायकाही दोन घटका टेकतात. चर्चगेटकडे जात असाल तर उजव्या हाताची खिडकी धरा. सकाळचं ऊन डावीकडून येतं, म्हणजे सावलीही मिळते आणि चर्नी रोड सोडलं की जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्रही दिसतो. उपनगरात राहणाऱ्यांना दक्षिणेकडे यायची गरजच नाही. बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे, मार्व्याहून मनोरीला नेणारी फेरीबोट आहे, वर्सोव्याहून मढला जाणारी आहे. सकाळी उलट्या दिशेने जा, बसायला जागा मिळेल.

आणि दिवसाला एकच ठिकाण. सकाळी गेटवे, दुपारी म्युझियम, संध्याकाळी चौपाटी असा बेत पाहुण्यांसाठी ठीक आहे. आपल्याला मुंबई बघायची नाहीये, मुंबईत बसायचंय.

जागा निवडताना मी आधी दोन गोष्टी बघते, सावली आणि स्वच्छतागृह. हे मी नर्स म्हणून कळकळीने सांगते. बाहेर सोय नाही म्हणून घरून निघताना पाणीच न पिणाऱ्या बायका मी रोज बघते आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने हैराण झालेल्याही त्यातच असतात. पोटभर पाणी पिऊन जिथे तीन-चार तास निर्धास्त बसता येईल, ती जागा आपली. समुद्र कितीही सुंदर असला तरी मरीन ड्राइव्हला मी दुपारी जात नाही. तिथल्या कठड्यावर सावलीचा पत्ता नसतो.

या दोन्ही कसोट्यांवर उतरणारी माझी जागा म्हणजे राणीची बाग. आम्हाला चिंचपोकळीहून एकच स्टेशन. भायखळ्याला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. ही बाग १८६२ साली खुली झाली, तेव्हा नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं, म्हणून राणीची बाग. आता पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण टॅक्सीवाल्याला अजून राणीची बागच कळते. फक्त बुधवारी जाऊ नका. बुधवारी बाग बंद असते, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद असतं.

आत शिरलं की सगळी गर्दी प्राणिसंग्रहालयातल्या पेंग्विनकडे वळते. शाळेच्या सहली, हातात हात धरलेली पोरं, बाईंची शिट्टी. तुम्ही तिकडे जाऊ नका, झाडांकडे वळा. इथली झाडं हीच खरी श्रीमंती आहे. गोरखचिंचेचं खोड एवढं रुंद की तिघींनी हात धरले तरी कवेत येत नाही. उर्वशीचंही झाड आहे. थंडी सरताना तिला फुलं येतात, लालसर, खाली लोंबणारी, कुणीतरी झुंबर टांगावं तशी. एक बाक धरायचा, चपला काढायच्या आणि पाय गवतावर ठेवायचे. पहिली वीस मिनिटं अस्वस्थ वाटतं, हात फोनकडे जातो. तेवढी वीस मिनिटं निघू द्या. मग कावळे-पोपट वेगवेगळे ऐकू यायला लागतात, आणि मला तर हमखास डुलकी लागते. वॉचमन कधी कुणाला उठवताना मी पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी सासूबाईंनाच घेऊन गेले. "मला काय करायचंय तिथं?" म्हणत निघाल्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे धरलेले, म्हणून टॅक्सीने गेलो. बाकावर बसल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "संपाच्या आधी आलेले गो मी. ह्यांना बोनस मिळालेला, पोरांना घेऊन आलेलो." म्हणजे १९८२ च्या गिरणी संपाच्या आधी. भायखळा घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि चाळीस वर्षांत त्यांचं पाऊल इकडे वळलं नव्हतं. संपानंतर त्यांनी शिवणकाम केलं, डबे केले, मुलं वाढवली. मी बावीस वर्षांच्या ड्युटीचं सांगते, त्यांना तर ऑफ असा कधी लागलाच नाही. त्या दिवशी त्या बाकावरच आडव्या होऊन झोपल्या आणि मी ओढणी त्यांच्या डोक्याखाली सरकवली.

ऊन चढलं की संग्रहालयात जा. १८७२ सालची इमारत आहे, आत उंच छत, हिरवे-सोनेरी खांब आणि गारवा. सगळं बघायचा अट्टहास नको. मातीच्या छोट्या बाहुल्यांतून जुन्या काळच्या माणसांचे धंदे, पोशाख दाखवले आहेत, तेवढं एक कपाट सावकाश बघा. बाहेर आवारात दगडी हत्ती आहे, त्याच्यापाशी मात्र थांबाच. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभा केला. सासूबाईंनी त्याला नमस्कार केला. म्हणाल्या, "जायचं नव्हतं त्याला."

आता खाणं. ऑफच्या दिवशी एक वेळचं तरी दुसऱ्याच्या हातचं, गरम आणि बसून खायचं, हा माझा नेम आहे. वॉर्डात आम्ही डबा उभ्या उभ्या संपवतो. जेवायच्या गर्दीत कुठेही शिरू नका, साडेतीनला जा. दादरला 'प्रकाश'चा साबुदाणा वडा आणि त्यावर पियूष, किंवा 'आस्वाद'चं थालीपीठ. त्या वेळेला पाठीमागे कुणी टेबलाची वाट बघत उभं नसतं, म्हणून घास चावून खाता येतो. दक्षिणेला असाल तर धोबीतलावचं 'कयानी', १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव मागवा, तो चहात बुडवून खायचा असतो, घाई केली तर टाळू सोलून निघते. मैत्रिणीबरोबर गेलात तर वॉर्डाच्या गप्पा नकोत असं आधीच ठरवा. कुणाची रजा मंजूर झाली नि कुणाची नाही, हे तिथे काढलं की ऑफ संपला.

खाऊन झालं की शिवाजी पार्कचा कट्टा जवळच. मैदानाला वळसा घालणारा हा कट्टा सव्वा किलोमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे झाडाखालची जागा मिळतेच. पोरांचं क्रिकेट बघा. एकाच मैदानात इतके डाव चालू असतात की कुठला चेंडू कुणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळायची गरजही नसते.

समुद्र हवाच असेल तर गेटवेहून मांडव्याची बोट घ्या. तासाभराचा प्रवास. पलीकडे उतरून चहा घ्यायचा, धक्क्यावर बसायचं आणि पुढच्या बोटीने परत. अलिबागला पळायचं नाही. लाइफ जॅकेट देतात ते घाला, उकडलं तरी घाला. थंडीत बोटीमागे सीगल येतात, त्यांना लोक शेव-चिप्स टाकतात. ते करू नका, त्यांचं खाणं समुद्रात आहे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या या बोटी बंद असतात. घारापुरीला जायचं तर सोमवार वगळा, सोमवारी लेणी बंद.

पावसाळ्यातला माझा बेत बसचा. जिथून बस सुटते तिथूनच चढायचं, खिडकी धरायची आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन त्याच बसने परत यायचं. डबलडेकर मिळाली तर वरची पुढची सीट. जुन्या लाल डबलडेकर २०२३ मध्ये गेल्या, नव्या एसी आहेत आणि त्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. पाऊस तोंडावर येत नाही याचं मला वाईट वाटतं, पण काचेवरून ओघळणारं पाणी बघत बसायलाही बरं वाटतं.

परतताना घड्याळाकडे एकदाच बघा. साडेचारच्या आत गाडीत बसा, नाहीतर सरळ रात्री नऊपर्यंत थांबा. मधल्या वेळात शिरलात तर दिवसभराचं मिळवलेलं दादरच्या पुलावरच सांडतं. घरी गेल्यावर त्या रात्री धुणं भिजवायचं नाही, डबे काढायचे नाहीत. खिचडी टाकायची आणि झोपायचं.

आमच्याकडे आता डबे उन्हात घालायचं काम इतर दिवशी, थोडं थोडं होतं. ड्युटी लिस्ट लागली की मी घरी फोन करते. सासूबाई आधी विचारतात, "बुधवार नाही ना गो आला?"