नाशिकमध्ये कुत्रा पाळताय? घरातलं काय चालतं, काय अजिबात नाही

आपलं नाशिक ज्या दोन गोष्टींसाठी देशभर ओळखलं जातं, द्राक्षं आणि कांदा, नेमक्या त्याच दोन कुत्र्याला चांगल्याच नडतात. चॉकलेट देऊ नये हे आता शाळेतल्या पोरांनाही माहिती असतं, पण कांद्याचं कुणी मनावरच घेत नाही, म्हणून आधी या दोघांचं बघू.

द्राक्षांचा सीझन आला की पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडून कुणा ना कुणा पाहुण्याची पेटी येतेच आणि ती ठेवतो आपण खाली फरशीवर, कुत्र्याच्या अगदी तोंडासमोर. द्राक्षानं कुत्र्याची किडनी फेल होऊ शकते. कशामुळे होतं हे बरीच वर्षं कळत नव्हतं, मग २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. हे ॲसिड द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमीजास्त असतं, शिवाय प्रत्येक कुत्र्याला ते सारखं बाधत नाही, त्यामुळे एक कुत्रा मूठभर खाऊनही टुणटुणीत राहतो आणि दुसरा थोडक्यातच आजारी पडतो. म्हणून "आमच्या मळ्यातला मोत्या तर खाली पडलेले मणी रोज खातो, काय होतंय त्याला" असं कुणी म्हटलं तर मोत्याचं नशीब म्हणायचं आणि आपली पेटी उचलून माळ्यावर ठेवायची. इतके मणी चालतील असा आकडाच नाहीये. मनुके, बेदाणे तर सुकलेले असल्यानं आणखी वाईट, म्हणजे प्रसादाचा शिरा, लाडू, केक सगळं आलं त्यात. चिंचेतही हेच ॲसिड भरपूर असतं, त्यामुळे चिंच-गुळाची आमटी पण नको.

आता कांदा. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर, कशातही त्याचं विष जात नाही, उलट पावडरमध्ये ते जास्त दाट होतं. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर त्रास होऊ शकतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला एक-दोन कांदे पुरतात, आणि रोज थोडा थोडा गेला तरी तो साठत जातो. लसूण त्याहून कडक. गोचीड पळतात म्हणून भाकरीत लसूण कुस्करून देणारे लोक आहेत, कृपा करून ते बंद करा. आणि यात घोळ असा की त्रास लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते, आणि तोवर रविवारी मिसळीच्या रश्श्यात बुडवून पाव दिला होता हे कुणाच्या लक्षातही नसतं.

मग द्यायचं काय? सोपं आहे, त्याचा वाटा फोडणीच्या आधी काढायचा. कुकर उघडला की साधा भात, गोडं वरण होण्याआधीची नुसती शिजलेली डाळ, मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन (हाडं काढून), उकडलेलं अंडं. गाजर, फरसबी, लाल भोपळा, रताळं वाफवून छान खातात. फळांत बिया काढलेलं सफरचंद, कलिंगड, पपई, थोडं केळं. पोळी-भाकरी चालते, पण नुसत्या पोळीवर कुत्रा पोसू नका, त्यात प्रोटीन पुरत नाही. दुधाचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही, जुलाब होतात, त्यापेक्षा चमचाभर साधं दही बरं. आणि असा वरचा खाऊ दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, घरातल्या आजींना हे समजावणं मात्र ज्याचं त्यानं बघावं!

बाकी धोक्याच्या गोष्टी पटापट सांगते. चॉकलेट जितकं डार्क तितकं वाईट, कोको पावडर सगळ्यात वाईट. चहा पावडर, कॉफी आणि गाळणीतला चोथा सुद्धा नको. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, घशात आतड्यात रुततात, मटणाच्या रविवारी डस्टबिनला झाकण हवंच. आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस आतड्यात अडकतं आणि मग थेट ऑपरेशन. तळण, चिकनची चरबी, तूप जास्त झालं तर स्वादुपिंडाला सूज येते. शुगर-फ्री च्युइंगम, मिंट आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो, त्यानं काही वेळा अर्ध्या तासात कुत्र्याची साखर धाडकन उतरते, तेव्हा पाकिटावर वाचूनच घ्या. वाइन, बिअर गंमत म्हणूनही चाटवू नका.

खाल्लंच तर? लक्षणांची वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरला फोन. पहिल्या दोन तासांत ते उलटीचं इंजेक्शन देऊन बरंच बाहेर काढू शकतात, द्राक्षाच्या बाबतीत किडनी बिघडायला एक ते तीन दिवस लागतात त्यामुळे आज कुत्रा ठीक दिसतोय याला काही अर्थ नाही. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, त्या मिठानंच जीव जाऊ शकतो. दूध-तुपाचा उतारा पण नको. काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन किती हे फोनवर सांगा, आणि निघताना ते पाकीट किंवा उरलेला घड पिशवीत टाकून सोबत न्या.