बेन थान बाजारात शिरण्याआधी

हो ची मिन्ह सिटीतल्या बेन थान बाजाराची पहिली तयारी पैशांची, आणि ती हॉटेलच्या खोलीतच उरकायची. भारतीय रुपये तिथे सहजी बदलून मिळत नाहीत, म्हणून डॉलर न्या. नोटा कोऱ्या हव्यात, शाईची रेघ किंवा फाटका कोपरा असला तर परत करतात. एका रुपयाला साधारण 300 व्हिएतनामी डोंग, तेव्हा सांगितलेल्या किमतीची तीन शून्ये उडवून उरलेल्याला साडेतीनने गुणले की रुपये कळतात. आकडा थोडा चढा येतो, पण कमी येण्यापेक्षा ते बरे. विक्रेते शून्ये मुळातच गाळतात: कॅल्क्युलेटरवर 150 दाखवले तर ते दीड लाख डोंग. 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळसर आणि घाईत सारख्याच दिसतात. चुकलात तर सोळाशे रुपये गेले. 5 लाखांच्या नोटा वेगळ्या खणात ठेवा आणि बाहेरच्या पाकिटात 10 हजार ते 1 लाखापर्यंतचे सुटे. दुकानोदुकानी क्यूआर कोड लटकलेले दिसतात, पण यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

पिशवी पोटावर येईल अशी अडकवायची. खरी चोरी बाजाराबाहेरच्या रस्त्यावर होते: कडेला उभे राहून नकाशा बघणाऱ्याच्या हातातला फोन मोटरसायकलवाले हिसकावतात. फोन बघायचाच तर भिंतीकडे सरका. मासळीच्या भागात फरशी ओली असते, म्हणून पकड असलेली चप्पल हवी. मे ते नोव्हेंबर दुपारनंतर सर येते. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट सोयीचा, कारण आतल्या बोळांत दोन माणसे जेमतेम मावतात. टेटच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या, दिवसांत बहुतेक गाळे बंद असतात.

सकाळी आठच्या आसपास पोहोचा, पण नुसते बघायला नको. भवानीच्या गिऱ्हाईकावर तिथेही दिवसाचा धंदा ठरतो. त्याला ते ‘मो हांग’ म्हणतात. सकाळी सकाळी अर्धा तास घासाघीस करून रिकाम्या हाताने निघालात तर विक्रेती उघड चिडते, आणि तिचे काही चुकत नाही. खरेच घ्यायचे असेल तर हीच वेळ फायद्याची, पहिली विक्री हातची जाऊ द्यायला कोणी तयार नसते. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करा, हसतमुखाने. जमले नाही तर पुढे चला, बहुधा मागून हाक येते. मात्र तुम्ही बोललेला भाव तिने मान्य केला की वस्तू घ्यायचीच. काही गाळ्यांवर ठरलेल्या भावाची पाटी असते, तिथे घासाघीस करू नका. सुकामेव्याचा भाव किलोचा आहे की 100 ग्रॅमचा, हे तोलण्याआधी विचारा. अर्धे वाद इथूनच उठतात. सालासकट भाजलेले खारे काजू कोकणातल्या माणसालाही नवे वाटतील, पण एक चावून बघा, मऊ लागला तर जुना माल. कॉफी सुटी दळलेली न घेता अख्ख्या बिया घ्या, कारण स्वस्त भुकटीत मका किंवा सोयाबीन मिसळलेले असू शकते. सोबत ‘फिन’ ही गाळणी घेताना आतली चकती सपाट बसते का, ते तिथेच बघावे. तयार कपड्यांची मापे लहान असतात, आपल्याकडे मीडियम घालणाऱ्याला तिथला लार्जही घट्ट होतो. ‘आओ जाय’, म्हणजे त्यांचा पारंपरिक लांब झगा, शिवून हवा असेल तर माप पहिल्या दिवशीच द्या, नाहीतर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

खाण्याची तयारी सगळ्यांत कसून करावी, विशेषतः शाकाहाऱ्यांनी. भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही: नुओक माम, म्हणजे मासळीचा सॉस, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही असतो, आणि भाज्यांच्या सूपचे पाणी बहुधा हाडांचे. ‘नो मीट’ म्हटल्यावर वरचे तुकडे काढून तोच वाडगा पुढे येतो. विचारायचा शब्द ‘चाय’, बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण. हॉटेलातल्या कोणाकडून ‘मांस नको, मासळीचा सॉस नको, कोलंबीची पेस्ट नको’ असे व्हिएतनामीत लिहून घ्या आणि तो कागद दाखवा. त्या भाषेत सुरांवर अर्थ बदलतो, आपला उच्चार फसतो. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक जण चाय खातात, तेव्हा सोय वाढते. ताटात हुबेहूब मांस दिसले तर दचकू नका, ते सोयाबीनचे असते. बान्ह मी पावात काळजाची पेस्ट आधीच फासतात, ती नको हे पाव कापण्यापूर्वी सांगा.

मांसाहाऱ्यांनी पाटीवरचे पाच शब्द पाठ करावेत: बो गाय, हेओ डुक्कर, गा कोंबडी, तोम कोलंबी, का मासा. गोमांस टाळणाऱ्यांना ‘फो गा’, म्हणजे कोंबडीच्या सूपमधल्या तांदळाच्या शेवया, चालेल. सोबत येणारा कच्चा पाला पोट नाजूक असेल तर आधी उकळत्या सूपमध्ये बुडवा. भाव बसण्याआधी विचारा. टेबलावरचा ओला टॉवेल आणि शेंगदाणे बहुतेक वेळा फुकट नसतात. बर्फ मधोमध भोक असलेला, कारखान्याचा असेल तर उसाचा रस प्यायला हरकत नाही. फोडलेल्या लादीचा असेल तर सोडा. दाण्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष जपावे, कुटलेले दाणे जवळपास सगळ्यावर भुरभुरतात.

बाहेर पडताना ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, मागवायची तर कोणत्या दाराशी उभे आहात ते ॲपवर नीट लावा. दक्षिणेचे घड्याळ-मनोऱ्याचे दार सगळ्यांत ओळखीचे, आणि मेट्रोचे स्थानकही जवळ आहे. खांद्यावरची कावड हातात देऊन फोटो काढा म्हणणारा शहाळेवाला नंतर शहाळे फोडून पैसे मागतो. दुरियान हे उग्र वासाचे फळ घ्यायचेच तर तिथेच खाऊन संपवा, हॉटेले आणि विमान कंपन्या ते आत घेत नाहीत. घाऊक माल हवा असेल तर बेन थान सोडून चोलोन या शहरातल्या चिनी वस्तीतल्या बिन्ह ताय बाजारात जावे.