झाडाला पाणी घालण्याआधी: परसबागेत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

एप्रिलातली दुपार. पलीकडच्या गल्लीतले अण्णा दारात उभे. "लिंबू गेलं बघा. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या घालतोय की ओ, तरी मान टाकतंय."

जाऊन बघितलं. पानं पिवळी पडून लोंबलेली, आळ्यात पाणी चकाकतंय. खुरप्यानं वीतभर उकरलं तर काळी माती लोण्यासारखी, आणि वास सडक्या अंड्याचा. एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरत होतं.

मुळांनाही श्वास लागतो, हे आपण विसरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, तिच्यावर मुळं जगतात. पोकळी पाण्यानं भरली की आतला ऑक्सिजन लवकर संपतो आणि नवा येत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या मानानं सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. गुदमरलेल्या मुळांत पाणी आत ओढायची ताकद उरत नाही. वर पानं माना टाकतात, अगदी दुष्काळात टाकतात तशी. आपण घाबरून आणखी एक बादली ओततो.

आपल्याकडं यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. जमिनीत ओलही आहे आणि हवाही. गंमत म्हणजे उसाच्या रानात वाफसा बघितल्याशिवाय पाऊल न टाकणारा माणूस घराच्या दारातल्या झाडाला मात्र रोज पाजत बसतो. परीक्षा सोपी आहे. वीतभर खोलची माती मुठीत दाबा. गोळा होऊन हाताला चिकटला, तर पाणी नको. गोळा झाला पण टिचकीनं फुटला, तर वाफसा आहे, दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर पाणी द्या, आणि देताना सावकाश, खोलवर मुरेल असं द्या. नदीकडच्या काळ्या रानात मोठ्या झाडाला दोन पाण्यांत पंधरा दिवसांचं अंतर सहज चालतं. माळावरच्या मुरमात तेच झाड आठवड्यात कासावीस होईल. म्हणून शेजाऱ्याचं वेळापत्रक आपल्या झाडाला लावू नका.

दुपारी बघून निकाल देऊ नका

दुपारी दोन वाजता पपईची पानं छत्रीसारखी मिटलेली दिसतात, सागाचं रोप लोंबतं. बहुतेक वेळा त्यात रोग नसतो, हिशोब असतो. पानाला, मुख्यतः खालच्या अंगाला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. झाडात पंप नाही. पानातून वाफ उडते, तिच्यामागं पाण्याचा अखंड धागा खोडातून वर ओढला जातो, त्याचं खालचं टोक मुळांत. एप्रिलात पारा ३८ च्या आसपास गेला आणि कोरडा वारा सुटला की वरून होणारी ओढ मुळांना झेपत नाही. मग झाड रंध्रं मिटून घेतं.

मिटण्याची किंमत मात्र मोजावी लागते. अन्न तयार होणं थांबतं आणि वाफेनं मिळणारा गारवा गेल्यामुळं पान भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश जास्त तापतं. पण रात्रभरात मुळं तूट भरून काढतात. म्हणून झाड बघायचं ते सकाळी साडेसहाला. सकाळीही माना खाली असतील तरच खुरपं घेऊन बसा.

जाता जाता: दुपारी पाणी शिंपडलं की थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात, हे पिढ्यान् पिढ्या ऐकतोय. गुळगुळीत पानावर तसं होत नाही, कारण थेंब पानाला इतका चिकटून असतो की किरण एकवटण्याआधीच पान गाठतात. दुपारी पाणी न घालण्याचं खरं कारण साधं आहे, बरंच उडून जातं.

पाणी खोडाशी ओतणं

पाणी पिणारी बारीक मुळं खोडाला चिकटून नसतात, झाडाच्या सावलीच्या कडेला आणि तिच्याही बाहेर असतात. आळं तिकडं करा. वर उसाचं पाचट पसरा. कोल्हापुरात त्याला तोटा नाही. फक्त खोडापासून हातभर लांब ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. आणि अंगणात पेव्हिंग ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती दीड-दोन फूट जागा सोडतात तेवढी पुरत नाही. ब्लॉकखाली हवा जात नाही, शिवाय तो बसवताना मुळं तोडलेली असतात. असा गुलमोहर वळवाच्या पहिल्या वाऱ्याला आडवा झाला तर दोष वाऱ्याला देण्यात अर्थ नाही.

आंब्याला ऑक्टोबरात लाड

माझ्याकडं सगळ्यात जास्त तक्रारी याच येतात: "झाड हिरवंगार आहे, मोहर तेवढा नाही." मी आधी एकच विचारतो, दिवाळीच्या आसपास काय घातलंत? उत्तर ठरलेलं असतं: पाणी, आणि वर मूठभर युरिया.

आंब्याच्या शेंड्यावरच्या डोळ्यातून पालवी फुटायची की मोहर, हे बरंचसं थंडी ठरवते. रात्रीचं तापमान १५ अंशांकडं उतरू लागलं आणि शेंड्याची पानं जून झालेली असली, की डोळा मोहराकडं वळतो. कोवळी पानं मात्र या थंडीला दाद देत नाहीत. पाऊस सरल्यावर जमीन हळूहळू कोरडी होत गेली की झाड नवी पालवी काढायचं थांबतं आणि पानं जून होतात. नेमक्या त्याच वेळी आपण पाणी आणि नत्र दिलं तर झाड तांबूस पालवीनं झळाळतं. फोटोला छान. मग थंडी येते, बघते तर सगळी पोरंसोरं, आणि निघून जाते.

म्हणून फळावर आलेल्या आंब्याचं पाणी पाऊस सरताच तोडा. फळं वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करा. चार-पाच वर्षांच्या आतल्या रोपांना हा नियम लावू नका, त्यांना आधी अंग धरू दे.

लिंबाचा ताण, म्हणजे फुलं येण्याआधी मुद्दाम पाणी तोडणं, हाही असाच हिशोब. आंबे बहार, म्हणजे लिंबाचा जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा तर त्याआधी पाणी तोडायचं, हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत जास्त. पानं फिकी पडून थोडी गळायला लागली की पुरे. निम्मं झाड उघडं पडेपर्यंत वाट बघणारे लोक मी बघितलेत. आणि ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्या, मग वाढवा.

शेडनेटखालून थेट गच्चीवर

नर्सरीतलं रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं. सावलीतलं पान पातळ आणि रुंद बनतं, थोडा उजेड पुरेपूर वेचायला. ते थेट गच्चीवरच्या उन्हात ठेवलं की झेपेल त्याहून जास्त उजेड अंगावर येतो आणि पानावर पांढुरके, कागदासारखे चट्टे पडतात. ते पान सुधारत नाही, सुधारतं ते पुढचं. उन्हात जन्मलेलं पान मुळातच जाड असतं. दोन-तीन आठवडे आधी सकाळचं ऊन, मग दुपारचं, असं सरकवत न्या. चट्टे बघून औषध फवारू नका.

खोडालाही ऊन लागतं. मेमध्ये तारांखालच्या फांद्या छाटल्या की आजवर सावलीत असलेली साल एकदम उघडी पडते, भाजते, फाटते आणि तिथून कीड शिरते. उघड्या भागाला चुना लावा.

घाबरू नये अशा गोष्टी

फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंब पानं गाळतो तेव्हा तो मरत नसतो. पिंपळाची नवी पानं गुलाबी-तांबूस असतात, तो रंग कोवळ्या पानाला उन्हापासून सांभाळतो. चिंचेची आणि वर्षावृक्षाची पानं संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात. बंगालमधल्या फरीदपूरचा एक खजूर तर रोज संध्याकाळी वाकायचा आणि सकाळी उठायचा. लोक त्याला नमस्कार करायचे. जगदीशचंद्र बोस यांनी उपकरण लावून मोजलं आणि त्याची हालचाल तापमानाच्या चढ-उताराबरोबर होते, हे दाखवलं.

पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील तर युरियाकडं हात नेऊ नका. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही, आणि पाणी साचलं की आणखी मिळत नाही. आधी निचरा सुधारा.

पूर ओसरल्यावर

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कित्येक दिवस झाडांच्या बुंध्याशी उभं होतं. करंज, अर्जुन, जांभूळ अशी नदीकाठची झाडं ते सोसतात. पपईला दोन दिवसही जड जातात. पाणी उतरल्यावर लोक लगेच खत घालतात, ते करू नका. जखमी मुळांना खत पचत नाही. बुंध्यावर बसलेला गाळ मात्र उचला, कारण मुळांवर चढलेला तो थर हवा अडवतो. ओल्या गाळात पाय देऊन तुडवू नका, कडेनं चर काढा, वाफसा आला की मगच आत जा.

अण्णांच्या लिंबालाही आम्ही आधी चरच काढला. तीन आठवडे पाण्याचा थेंब नाही. जुनी पिवळी पानं गळाली, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात खालच्या फांदीवर तीन हिरवे कोंब दिसले.