परसातल्या वेलावर तुंबा कसा करावा

मांडवावरचे सगळे दुधी कोवळेपणीच भाजीत जातात. तसे करू नये. दर वेलावर निदान एक फळ राखावे. त्यातून पुढच्या वर्षाचे बी मिळते आणि पक्का तुंबाही, म्हणजे वाळवून आतून पोकळ केलेले भोपळ्याचे भांडे.

मृगाच्या सरी पडल्या की बी रात्रभर भिजवून लावावे. आमच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे पाऊस मुसळधार, म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, नाहीतर मूळ कुजते. अथणीच्या कोरड्या बाजूला मात्र पाणी धरणारे आळेच बरे. एका जागी तीन-चार बिया टोचून जोमाची दोन रोपे ठेवावीत.

वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा. मुख्य वेलावर बहुतेक नर फुले येतात, मादी फुले बगलफुटीवर. पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. पावसात कीटक फिरकत नाहीत, तेव्हा नर फूल तोडून इवला भोपळा असलेल्या मादी फुलावर हलकेच फिरवावे.

नख सहज रुतते तोवर फळ भाजीचे. सालीची चटणी तीळ-खोबरे घालून झकास होते. पण चिरताना एक फोड जिभेला लावून बघाच. कडू लागली तर अख्खे फळ टाकून द्या. कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा हा कडूपणा शिजवूनही जात नाही, आणि अशा दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडली आहेत.

राखलेले फळ वेल वाळेपर्यंत काढू नका. देठासकट कापून सावलीत, वाऱ्यावर टांगा. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसा. फळ मऊ पडले तरच फेकायचे. वाळायला काही महिने लागतात. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की बारीक करवतीने तोंड कापावे. आतली धूळ घशाला झोंबते, म्हणून नाकाला रुमाल बांधा. मग आत पाणी भरून ठेवा, गर चमच्याने खरवडा, पुन्हा वाळवा. पिण्याच्या पाण्यासाठी हवा असेल तर कडू चव पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहावे. जात नसेल तर त्यात बियाणे ठेवा. इथून जवळच्या मिरजेत अशाच मोठ्या, जाड सालीच्या भोपळ्यांचे तंबोरे होतात. या तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

बी गोड फळाचेच राखावे. जवळ कडू भोपळ्याचा वेल असेल तर परागांची सरमिसळ होते: यंदाचे फळ गोडच राहते, पण त्या बियांची पुढली फळे कडू निघू शकतात. म्हणून बीसाठी धरलेले मादी फूल उमलायच्या आधीच कापडी पिशवीत बांधा, गोड वेलाच्या नर फुलाने फळवा आणि फळ धरेपर्यंत पिशवी सोडू नका.