पाठीवर बिऱ्हाड घेऊन उंच डोंगरातल्या तळ्याकडे

झाडांची हद्द संपते तिथून वर, कड्यांच्या कुशीत लपलेली बहुतेक तळी हिमनदीने केलेली असतात. बर्फाने डोंगरात खोलगट वाडगा कोरलेला असतो आणि पुढच्या बाजूला कातळाचा किंवा दगडगोट्यांचा उंबरठा सोडलेला असतो. बर्फ वितळून गेलं की त्या वाडग्यात पाणी साठतं. तीन बाजूंना कडे, चौथ्या बाजूला उंबरठा. चढ कुठे अंगावर येणार, रात्री थंडी किती पडणार, ढग केव्हा दिसणार, घाण कुठे जाऊन साठणार हे सगळं या आकारावरून ठरतं. म्हणून सामानाची यादी करण्याआधी नकाशा उघडा आणि हा आकार नीट वाचा.

नकाशावर काय बघायचं

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. दोन समोच्च रेषांमधली उंची नकाशाच्या समासात दिलेली असते. ती २० मीटर आहे असं धरू. तळ्याभोवती रेषा घोड्याच्या नालेच्या आकारात दाटलेल्या दिसतील आणि नालेचं उघडं तोंड जिकडे, तिकडे उंबरठा. आता त्या तोंडाखालच्या रेषा मोजा. २ मिलिमीटरमध्ये उंचीचे पाच टप्पे बसत असतील तर १०० मीटर अंतरात १०० मीटर चढ आहे, म्हणजे ४५ अंशांचा उतार. अशा जागी वाट सरळ जात नाही, ती वळणं घेतच जाणार. नकाशावर ती सरळ दाखवली असेल तर ती ढोबळ रेघ आहे असं समजा.

तळ्यातून निघणारा ओढा धरून वर जायचा मोह होतो, कारण ‘पाणी तळ्यातून येतंय, मग पाण्यानेच जाऊ’ हे पटण्यासारखं वाटतं. पण ओढा उंबरठ्यावरून खाली पडतो, वाहत नाही. तिथे धबधबे आणि शेवाळलेले ओले कातळ असतात. चालती वाट बहुधा बाजूच्या सोंडेवरून चढून, उंबरठ्याच्या थोडी वर जाऊन मग तळ्याकडे उतरते. ती सोंड नकाशावर आधीच हेरून ठेवा. उतरताना धुकं आलं तर ओढ्याच्या नादाने खाली जाणारे याच कातळांवर अडकतात.

वेळेचं गणित

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे: तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, हलक्या ओझ्याचा आणि बऱ्या वाटेचा आहे. पाठीवर १२-१४ किलो असताना आणि हवा विरळ असताना तासाला साडेतीन किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाईला एक तास धरा. १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढाई असेल तर नाइस्मिथच्या हिशोबाने चार तास होतात. ओझ्याच्या हिशोबाने साडेसहा, आणि विश्रांती धरून साडेसात. तळ्यावर दुपारी एकच्या आत पोचायचं तर पहाटे साडेपाचला चालायला सुरुवात हवी.

एकच्या आत का? दोन कारणं. उन्हाळी दिवसांत डोंगरावर ढग दुपारी चढतात, गडगडाट आणि विजा त्यानंतर. वाडग्यात असताना कड्यांमागचं आकाश दिसत नाही, त्यामुळे ढग दिसतो तोवर तो डोक्यावर आलेला असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, ते अंतर किलोमीटरमध्ये. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर धारेवर किंवा खिंडीत थांबायचं नाही. दुसरं कारण ओढे. बर्फाच्या पाण्याचे ओढे पहाटे सर्वांत उतरलेले असतात आणि दुपारनंतर फुगत जातात. सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी चार वाजता मांडीला लागू शकतं. ओलांडताना सॅकचा कंबरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक झटकता येईल. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि एका वेळी एकच टेकू हलवायचा. बूट पायात असू द्या. अनवाणी पाय दगडात अडकला की माणूस पडतो. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर पहाटेपर्यंत थांबा.

उंचीशी जुळवून घेणं

तळं २,५०० मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. दमसास, वय, आधीचा सराव यांपैकी कशामुळेही त्रास होणार नाही अशी खात्री देता येत नाही. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर दर रात्रीची झोपायची उंची आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी. दिवसा किती वर चढलात त्यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे महत्त्वाचं.

तळ्याच्या वाटेवर नेमकी इथेच अडचण येते. दरी लांबलचक आणि सपाट असते आणि उंबरठ्याचा चढ सलग ६००-७०० मीटरचा. मध्ये तंबू टाकायला सपाटी नसते. मग दरीच्या टोकाला, चढाच्या पायथ्याशी दोन रात्री काढा. मधल्या दिवशी थोडं सामान घेऊन चढ निम्मा किंवा पूर्ण करून या, सामान वर सुरक्षित जागी ठेवा आणि झोपायला खाली उतरा. दुसऱ्या दिवशी ओझंही हलकं होतं आणि अंगालाही उंचीची ओळख झालेली असते. एका दिवसाने सहल वाढते, पण हा दिवस वाचवू नका.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, गळून जाणं किंवा चक्कर असेल तर तो उंचीचाच त्रास समजावा. तिथेच थांबा, वर जाऊ नका. बरं वाटेना तर खाली या. बसल्या जागी धाप लागत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालताना झोकांड्या खात असेल तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज येत असल्याची ती खूण आहे. अशा माणसाला ताबडतोब खाली न्यावं, सकाळची वाट बघू नये. ‘झोपला की बरं वाटेल’ या आशेपायी जीव जातात. म्हणून उंबरठ्याची वाट चढतानाच जीपीएसवर नोंदवून ठेवा आणि प्रत्येकाकडे डोक्यावरचा टॉर्च असू द्या. अंधारात हाच उतार उतरायची वेळ येऊ शकते. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध आहे, पण ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सॅकमध्ये काय, किती

ओझं वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ठेवा. ६० किलोच्या माणसाने १२ किलो, फार तर १५. त्याहून जास्त झालं तर उंबरठ्याच्या चढावर तोल जातो आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये. स्लीपिंग बॅग तळाला. पावसाचं जाकीट आणि दिवसाचं खाणं सर्वांत वर.

स्लीपिंग बॅग निवडताना बाहेर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बघून फसू नका. लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. आपल्या कामाचा कम्फर्टचा. एक्स्ट्रीम म्हणजे त्या तापमानाला जीव वाचण्याची शक्यता, झोप नव्हे. कोणता आकडा लागेल ते असं काढा: उंची दर १,००० मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. १,५०० मीटरवरच्या गावात रात्रीचं किमान तापमान १४ अंश असेल, तर ३,८०० मीटरवरच्या तळ्यावर ते उणे एकच्या आसपास येईल. त्यात वाडग्याचा हिशोब मिळवा. रात्री कड्यांवरची थंड हवा जड होऊन खाली घरंगळते आणि तळाला साठते, म्हणून आणखी चार-पाच अंश कमी धरा. तेव्हा कम्फर्ट उणे पाचची बॅग. मॅट मात्र बॅगेइतकीच महत्त्वाची, कारण अंगाखालचा पिसांचा थर दबून निरुपयोगी होतो आणि जमीन ऊब ओढून घेते. मॅटचं आर-मूल्य, म्हणजे ऊब अडवून धरण्याची क्षमता, ४ किंवा त्याहून जास्त हवं.

गॅसचं भांडं घेताना त्यावरचं मिश्रण वाचा. साधं ब्युटेन शून्याच्या जवळपास वाफ होणं सोडतं, आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत चालतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. फक्त ब्युटेनचं भांडं गोठलेल्या पहाटे पेटतच नाही. मिश्रणाचं भांडंही अर्धं रिकामं झाल्यावर कुरकुरतं, कारण प्रोपेन आधी उडून गेलेलं असतं. रात्री भांडं स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. १ लिटर पाणी उकळायला १० ते १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात बराच जास्त. दोघांनी दिवसाला चार लिटर उकळलं तर २३० ग्रॅमचं भांडं जेमतेम चार दिवस पुरतं. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे कडधान्यं शिजत नाहीत. नुसतं गरम पाणी ओतून तयार होणारं कोरडं अन्न न्या, माणशी दिवसाला ६००-७०० ग्रॅम. आणि तंबूच्या आत चूल कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चढाचा शेवटचा टप्पा

दगडगोट्यांच्या उतारावर एकामागून एक, एका रेषेत चालू नका. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागतो. एकमेकांना चिकटून राहा किंवा तिरके विखुरलेले चला. मोठ्या शिळांवर पाऊल शिळेच्या मध्यावर टाका, आधी थोडा भार देऊन ती डगमगते का ते बघून. दगडांच्या लगोऱ्या वाटेची खूण म्हणून उपयोगी, पण लोक हौसेनेही रचतात. नकाशाशी जुळत नसेल तर लगोरीवर विश्वास ठेवू नका.

हंगामाच्या सुरुवातीला उंबरठ्याजवळ सावलीत जुनं बर्फ टिकून असतं. पहाटे ते काचेसारखं कडक. उतार ३० अंशांच्या पुढे असेल आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे टोकदार काटे) आणि ते वापरायचा सराव यांतलं एक जरी नसेल तर परत फिरा. गोठलेल्या तळ्यावरून आडवं जाऊ नका. ओढा मिळतो आणि निघतो तिथे बर्फ सर्वांत पातळ असतं.

तंबूची जागा

काठावरची हिरवळ दिसायला सुरेख, झोपायला वाईट. तिथे दव सर्वांत जास्त, थंडी सर्वांत जास्त, आणि पायदळी गेलेली उशीसारखी बुटकी झुडपं सावरायला दशकं लागतात. पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे सुमारे ७०-८० पावलं दूर आणि १०-१५ मीटर उंचावर असलेला कोरडा, मुरमाड कट्टा शोधा. मग मान वर करून कड्याकडे बघा. आसपासच्या दगडांचा रंग फिकट, ताजा असेल आणि त्यांवर दगडफुलाचे डाग नसतील, तर ते नुकतेच वरून आलेले आहेत. जागा बदला. कोरडी घळही नको. रात्री वारा कड्याकडून उंबरठ्याकडे वाहतो, तेव्हा तंबूची निमुळती बाजू कड्याकडे करा. खिळे मुरमात टिकत नाहीत. तंबूची दोरी एका लांबट दगडाला बांधा आणि तिच्यावर, तंबूच्या बाजूने, दुसरा जड दगड ठेवा. निघताना दगड जागच्या जागी.

पाणी आणि घाण

निळंशार पाणीसुद्धा जनावरांच्या विष्ठेतल्या जंतूंपासून मुक्त नसतं. उकळायचं असेल तर २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळून. गाळणी वापरत असाल तर ती रात्री अंगाशी घ्या. आत गोठली की तिच्या बारीक नळ्या फुटतात, आणि बाहेरून काही कळत नाही. पाणी दुधाळ असेल तर त्यात हिमनदीने दळलेली खडकाची पूड आहे. ती गाळणी चोंदवते, म्हणून पाणी भांड्यात रात्रभर निवळू द्या. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या चांगल्या, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा चिवट जंतू मरायला चार तास लागतात.

वाडग्यात जे पडतं ते वाडग्यातच राहतं. थंड पाण्यात कुजणंही फार सावकाश. भांडी आणि अंग तळ्यात धुऊ नका, ‘निसर्गात विरघळणारा’ साबणसुद्धा नको. पाणी भरून ६० मीटर दूर न्या. शौचाला १५-२० सेंटिमीटर खोल खड्डा लागतो, आणि वाडग्यात तेवढी माती क्वचितच सापडते. नाही सापडली तर पिशवीत भरून खाली न्या, कागदासकट. तळ्यात उडी मारायची असेल तर लक्षात ठेवा, बर्फाळ पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास आपोआप ओढला जातो आणि दहा मिनिटांत हातपाय पोहेनासे होतात. काठाशी, कमरेइतक्या पाण्यात, सोबत कुणी असताना. सनस्क्रीन लावलेल्या अंगाने नाही.

संपर्क आणि परतीची वेळ

वाडग्यात फोनला रेंज नसते, आणि उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रालाही कड्यांमुळे अर्धंच आकाश मिळतं. संदेश पाठवायचा तर उंबरठ्यावर या. काही देशांत अशी यंत्रं बाळगायला परवानगी लागते, ते आधी तपासा. शिट्टी गळ्यात असू द्या: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. निघण्याआधी घरी वाट, तंबूच्या जागा आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा’ अशी एक वेळ लिहून द्या.

प्रत्येक चढाईच्या दिवशी परत फिरायची वेळही सकाळीच ठरवा, सगळ्यांच्या समोर. अकरापर्यंत उंबरठा गाठला नाही तर मागे वळायचं, असं स्पष्ट. वर पोचायला दहाच मिनिटं राहिली आहेत असं वाटत असतानाही. उंबरठ्याखालून चढ नेहमी जवळ दिसतो, कारण वरची सपाटी खालून दिसत नाही.